वाचक विचारतात : शेवाळातला टार्डिग्रेड, लासलगावचा कांदा आणि मंगळावरचं पाणी

मागच्या अंकात अंतराळात तग धरणाऱ्या सूक्ष्म जीवांबद्दल लेख होता. त्यावर नाशिक जिल्ह्यातून बरीच पत्रं आली. काही थेट त्या लेखावर आहेत, काही आपल्या शेतातल्या आणि डोंगरावरच्या जीवांबद्दल. पुष्कळ पत्रांत एक गल्लत दिसली. एखादा जीव टिकून राहतो म्हणजे तो तिथे जगतो, असं धरून चालू नये. टिकणं म्हणजे वाईट दिवस निभावणं. जगणं म्हणजे खाणं, वाढणं, पिल्लावळ होणं. हा फरक ध्यानात ठेवून खालची उत्तरं वाचावीत.

प्रश्न : अकरावीच्या प्रकल्पासाठी टार्डिग्रेड हा आठ पायांचा सूक्ष्म प्राणी शोधतो आहे. सोसायटीच्या भिंतीवरचं शेवाळ प्लास्टिकच्या पिशवीत आणलं आणि आठवड्याने ग्लासभर नळाच्या पाण्यात दोन दिवस भिजवलं. सूक्ष्मदर्शकात बारीक वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या, टार्डिग्रेड एकही नाही. नाशिकमध्ये ते नसतातच का?
— विद्यार्थी, कॉलेज रोड

उत्तर : नाशिकमध्ये नसायला काही कारण नाही. भिंतीवरचं मखमली शेवाळ म्हणजे मॉस किंवा झाडावरचं दगडफूल जिथे आहे, तिथे जगभर टार्डिग्रेड सापडतात. तुमच्या बाबतीत पिशवी नडली आणि ग्लासही नडला.

ओलं मॉस प्लास्टिकमध्ये कोंडलं की कुजायला लागतं आणि कुजवणारे जीवाणू आतला ऑक्सिजन संपवतात. टार्डिग्रेडला वाळणं सोसतं, गुदमरणं फार काळ सोसत नाही. ऑक्सिजन कमी पडला की तो फुगतो, पाय ताणतो आणि निपचित पडतो. अशा अवस्थेत तो गाळातल्या कणासारखाच दिसतो, नजर त्याच्यावरून सरकून जाते. ग्लासभर खोल पाण्याच्या तळाशी दोन दिवसांत पुन्हा तेच घडलं. तुम्हाला दिसल्या त्या अळ्या म्हणजे सूत्रकृमी. त्यांची वळवळ थांबत नाही, म्हणून त्या लगेच नजरेत भरतात. तुमचा गाळ अजून टाकला नसेल तर थोडा ताज्या पाण्यात, पसरट ताटलीत घेऊन काही तासांनी पुन्हा बघा. निपचित पडलेले काही जण हलायला लागण्याची शक्यता असते.

आता नव्याने सुरुवात करा. सतत ओल झिरपणारी भिंत सोडा. पावसात भिजते आणि उघडीप मिळाली की कोरडी ठणठणीत होते अशी जागा निवडा : जुनं दगडी कुंपण, गच्चीचा कठडा, आंब्याचं खोड. वर्षातून अनेकदा वाळणाऱ्या मॉसमध्ये वाळणं सोसणारेच जीव उरतात. काडेपेटीएवढा तुकडा पुरे. मातीसकट खरवडू नका, नाहीतर पाणी गढूळ होऊन काही दिसणार नाही. तुकडा कागदी पाकिटात घ्या, त्यावर जागा आणि तारीख लिहा, सावलीत वाळवा. असं पाकीट महिनोन् महिने ठेवता येतं. पांडवलेणी हे संरक्षित स्मारक आहे, तिथल्या दगडाला हात लावू नका.

भिजवताना पेट्री डिश किंवा पसरट ताटली घ्या आणि मॉसचा हिरवा भाग खाली करून उलटा ठेवा. पावसाचं साठवलेलं किंवा बाटलीबंद पाणी 30 ते 50 मिलिलिटर घाला, पाण्याची उंची एक सेंटिमीटरच्या वर नको. नळाचंच पाणी वापरायचं तर आधी दिवसभर उघडं ठेवून क्लोरीन उडू द्या. चार तासांनी काम होतं, रात्रभर ठेवलं तर उत्तम, 24 तासांच्या पुढे मात्र नको. मग मॉस त्याच ताटलीत घट्ट पिळा, झटका आणि बाजूला काढा. दहा-पंधरा मिनिटं गाळ बसू द्या आणि ड्रॉपरने अगदी तळचा गाळ उचला.

स्टिरिओ सूक्ष्मदर्शक मिळाला तर 20 ते 40 पट मोठं करून, खाली काळा कागद ठेवून, उजेड बाजूने टाकून बघा. कॉलेजातला नेहमीचा असेल तर सर्वांत कमी शक्तीच्या वस्तुभिंगाने शोधा, सापडल्यावर पुढच्यावर जा. डायफ्रॅम म्हणजे उजेड कमीजास्त करणारी झडप अर्धी मिटलेली हवी. पूर्ण उजेडात हा पारदर्शक प्राणी दिसतच नाही, आणि शोधणाऱ्यांचे निम्मे प्रयत्न इथेच वाया जातात. वरची पातळ काच थेट ठेवली तर तो चिरडतो, म्हणून काचेखाली केसाचे दोन तुकडे अडकवा. फोल्डस्कोप हा घडीचा कागदी सूक्ष्मदर्शक 140 पट दाखवतो, पण त्यात एका वेळी फार थोडी जागा दिसते. सापडलेला प्राणी न्याहाळायला तो छान, शोधायला नाही.

ओळखायचा कसा? लांबी बहुधा 0.2 ते 0.5 मिलिमीटर. अंग गुबगुबीत, पायांच्या चार जोड्या, त्यातली शेवटची मागे वळलेली, प्रत्येक पायाला नख्या. चाल सावकाश, पाय पाण्यात चाळवत. तोंडाशी केसांची फिरती चक्रं दिसली तर तो रोटिफर, वेगळाच सूक्ष्म प्राणी. वेगवेगळ्या तीन जागांचं मॉस आणि प्रत्येकाचे निदान सहा थेंब पाहिल्याशिवाय ‘नाहीत’ असं वहीत लिहू नका.

प्रकल्पात जीव ओतायचा असेल तर वाळवण्याचा प्रयोग जोडा. दहा टार्डिग्रेड ओल्या फिल्टर पेपरवर ठेवा, झाकण किंचित किलकिलं ठेवा आणि एक-दोन दिवसांत हळूहळू वाळू द्या. दुसरे दहा काचेच्या पट्टीवर उघड्या थेंबात झटपट वाळवा. मग दोन्हीकडे पाणी घालून 24 तासांनी किती चालतात ते मोजा. हळू वाळलेले प्राणी पाय आत ओढून बेदाण्यासारखे सुरकुततात, अंगातलं पाणी दोन-तीन टक्क्यांवर येतं. पेशींत खास प्रथिनं साचून घट्ट होतात आणि आतली रचना कोसळू देत नाहीत. हे सगळं आवरायला वेळ लागतो. काचेवर तो मिळत नाही, म्हणून तिथे बहुतेक मरतात.

उष्णतेचंही तसंच. डेन्मार्कमधल्या छपरांच्या पन्हाळीत सापडणाऱ्या एका जातीवर 2020 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. ओल्या, चालत्या अवस्थेत 37 अंशांना 24 तासांत निम्मे मेले. वाळलेल्या अवस्थेत निम्मे मरायला एका तासासाठी जवळपास 83 अंश लागले. एप्रिलमध्ये तापलेल्या कठड्यावर त्यांना तारतो तो हा कोरडेपणाच.

प्रश्न : आमचा उन्हाळ कांदा चाळीत असतो. लासलगावला किरणं मारून घेतला तर सड थांबेल का? असा कांदा खायला सुरक्षित असतो का? आणि किरणांनी कांद्याचा कोंब मरतो, मग तुमचा तो टार्डिग्रेड त्याच्या कितीतरी पट मारा कसा सोसतो?
— कांदा उत्पादक, विंचूर

उत्तर : सड थांबणार नाही, मोड थांबतील. पैसे मोडण्याआधी हे पक्कं समजून घ्या.

लासलगावचं विकिरण केंद्र भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलं. तिथे कोबाल्ट-60 मधून निघणारे गॅमा किरण वापरतात. मात्रा ‘ग्रे’ या एककात मोजतात : एका किलोत एक ज्यूल ऊर्जा मुरली की एक ग्रे. मोड रोखायला कांद्याला 60 ते 90 ग्रे पुरतात. 2007 साली अमेरिकेला गेलेला आंबा याच केंद्रातून गेला, त्यात किडीचा बंदोबस्त करायला 400 ग्रे ठरलेले आहेत. काजळीची बुरशी मारायची तर काही हजार ग्रे द्यावे लागतील, आणि तेवढ्यात कांदाच मऊ पडून खराब होईल. म्हणून सडीवर उपाय जुनाच : मान पूर्ण वाळू देणं, चिंबलेले आणि डेंगळ्याचे कांदे वेगळे काढणं, चाळीत खालून हवा खेळती ठेवणं.

वेळही गाठावी लागते. काढणीनंतर वाळवून झाला की दोन-तीन आठवड्यांत, कांदा सुप्तावस्थेत असतानाच विकिरण करून घ्यावं. आत कोंब हलायला लागल्यावर केलं तर तो कोंब मरून कांद्याच्या पोटात काळपट डाग धरतो आणि कापल्यावर गिऱ्हाईक नाक मुरडतं. वजनातली घटही चालूच राहते, कारण कांदा जिवंत असतो, श्वास घेत असतो.

खायला सुरक्षित आहे. कोबाल्टच्या गॅमा किरणांत अणूचं केंद्रक बदलण्याइतकी ऊर्जा नसते, त्यामुळे कांदा किरणोत्सारी होत नाही. कोबाल्टचा आणि कांद्याचा स्पर्शही होत नाही.

आता टार्डिग्रेड. माणसाला एकदम 4-5 ग्रे बसले आणि उपचार मिळाले नाहीत तर निम्मी माणसं दगावतात. टार्डिग्रेडच्या काही जाती 4,000 ग्रेच्या आसपास मारा सोसतात. डायनोकॉकस रेडिओड्युरन्स हा जीवाणू 5,000 ग्रेनंतरही पुन्हा वाढतो. तो 1956 साली अमेरिकेत सापडला, किरणांनी निर्जंतुक केलेल्या डबाबंद मांसात. किरणांनी डीएनएचे तुकडे पडतात, ते सगळ्यांचेच पडतात. डायनोकॉकसकडे डीएनएच्या एकापेक्षा जास्त प्रती असतात, त्या जुळवून तो काही तासांत अखंड प्रत उभी करतो. शिवाय त्याच्या पेशीतलं मँगनीज दुरुस्ती करणाऱ्या प्रथिनांना सांभाळतं. टार्डिग्रेडच्या एका जातीत डीएनएला बिलगून त्याचं रक्षण करणारं प्रथिन जपानी शास्त्रज्ञांनी 2016 साली दाखवलं. मारा बसल्यावर दुरुस्तीची जनुकं तो एकदम जोरात चालू करतो, हे 2024 च्या अभ्यासांत दिसलं.

तुमच्या प्रश्नातली खरी गंमत पुढे आहे. किरणांचा तडाखा सर्वांत जास्त बसतो तो विभागणाऱ्या पेशींना. कांद्याचा कोंब म्हणजे अशाच पेशी. बाकीचा कांदा त्या मात्रेत काही न होता महिने काढतो. प्रौढ टार्डिग्रेडच्या अंगात विभागणाऱ्या पेशी फार थोड्या असतात. पण हजार ग्रेच्या पुढचा मारा सोसलेल्या टार्डिग्रेडची अंडी उबत नाहीत, असं प्रयोगांत दिसलं आहे. प्राणी चालतो, वंश थांबतो. म्हणजे विकिरण केलेल्या कांद्याची आणि त्याची गत अखेर एकच.

प्रश्न : डिसेंबर-जानेवारीत पारा पाच-सहावर येतो. बागेत शेकोट्या पेटवतो, पहाटे ठिबक सोडतो. याचा खरंच उपयोग होतो का? युरोपात वेल बर्फात उभे असतात म्हणे, मग आपल्याच बागेला काय होतं?
— द्राक्ष बागायतदार, निफाड तालुका

उत्तर : तिकडचा वेल बर्फात झोपलेला असतो, आपला जागा असतो. युरोपात दिवस लहान होत जातात, थंडी पायरीपायरीने वाढते, वेल पानं गाळतो. डोळ्यांतल्या पेशी पाणी बाहेर सोडतात, आत साखर दाटते. अशी तयारी झालेला डोळा उणे 15 अंशही सोसतो. तोच वेल एप्रिलमध्ये फुटला की उणे दोन-तीन अंशांना त्याची कोवळी फूट करपते. एप्रिल 2021 मध्ये फ्रान्समधल्या बागांचं असंच मोठं नुकसान झालं. नाशिकला वेलाला झोप मिळतच नाही. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी करून आपण त्याला दोनदा उठवतो, डोळे सारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड लावतो. ऐन थंडीत वेलावर पाला असतो, घड असतो. थंडीची तयारी करायला त्याला सवडच नसते.

पाच-सहा अंशांना पेशी गोठत नाहीत. पण मुळांचं पाणी-अन्न उचलणं मंदावतं आणि मण्यांची फुगवण थांबते. दुपार उबदार आणि पहाट गारठलेली असा मोठा फरक पडला की हिरव्या वाणांत मणी गुलाबी पडतात, पिंक बेरी येते. ती टाळायला घडांना कागद लावतात, तो उपाय बरोबर आहे.

निरभ्र, वारा पडलेल्या रात्री पानं आणि जमीन आपली उष्णता वर आकाशाकडे सोडतात. उघड्यावरचं पान भोवतालच्या हवेपेक्षाही दोन-तीन अंशांनी गार होऊ शकतं. म्हणून गावच्या आकड्यावर विसंबू नका, किमान तापमापक घडाच्या उंचीला टांगा. नाल्याकडच्या, सखल ओळीत एक वेगळा लावा, कारण जड थंड हवा उतारावरून तिकडे गोळा होते. सखल बाजूचं कुंपण किंवा शेडनेट दाट असेल तर ती हवा बागेत तुंबते. तिथे वाट मोकळी करा.

शेकोटीत काम करते ती धग. धूर ही उष्णता फारशी अडवत नाही, तेव्हा ओला पाला टाकून नुसता धूर करण्यात अर्थ नाही. अशा रात्री जमिनीलगतची हवा गार आणि काही मीटर वरची जरा उबदार असते. लहान-लहान पुष्कळ शेकोट्यांनी हे दोन थर मिसळतात. एकच मोठा जाळ केला तर गरम हवा वरचा थर फोडून निघून जाते आणि बाजूची गार हवा बागेत ओढली जाते. सर्वांत जास्त गारठा सूर्योदयाच्या सुमारास असतो. तीन-साडेतीनला पेटवलेली शेकोटी ऊन पडेपर्यंत धगधगती ठेवा. टायर, प्लास्टिक अजिबात जाळू नका, काजळी घडांवर बसते.

पाण्याचा उपयोग होतो, पण पहाटेपुरता नाही. विहिरीचं 25 अंशांचं एक लिटर पाणी 5 अंशांपर्यंत गार होताना 20 किलोकॅलरी उष्णता देतं. ठिबकने भिजणारी जागा बघता हे थोडंच. ओल्या जमिनीचा खरा फायदा असा की ती दिवसाचं ऊन जास्त मुरवून घेते आणि रात्री परत देते. म्हणून थंडीच्या लाटेचा अंदाज आला की आदल्या दिवशी सकाळीच पाणी द्या. त्या दिवसांत बोदाची मशागत करू नका, भुसभुशीत मातीत हवा भरून उष्णता अडते. तण आणि पाचटाचं आच्छादनही जमिनीची ऊब वर येऊ देत नाही. उन्हाळ्यात आच्छादन हवंच, या आठ-दहा रात्रींपुरतं ते बुंध्यापासून बाजूला सारा.

प्रश्न : नांदूरमध्यमेश्वरला हिवाळ्यात येणारे पट्टकादंब हंस हिमालय ओलांडून येतात. तेवढ्या उंचीवर माणसाला धाप लागते, त्यांना उडायला दम कुठून मिळतो?
— पक्षीनिरीक्षक, सिन्नर

उत्तर : सात हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून कमी असतो. पट्टकादंबाच्या हिमोग्लोबिनमध्ये काही अमिनो आम्लं सखल भागातल्या हंसांपेक्षा वेगळी आहेत, त्यामुळे विरळ हवेतूनही ते ऑक्सिजन घट्ट पकडतं. फुप्फुसं मोठी, उडण्याच्या स्नायूंत केशवाहिन्यांचं जाळं दाट. शिवाय पक्ष्यांच्या फुप्फुसांतून हवा एकाच दिशेने वाहते, आपल्यासारखी आत-बाहेर होत नाही.

शरीराइतकंच महत्त्व उडण्याच्या रीतीला आहे. अंगावर उपकरणं बसवून केलेल्या अभ्यासांत त्यांची 7,000 मीटरच्या वरची उड्डाणं नोंदली गेली, पण ते उंचीवर टिकून राहत नाहीत. डोंगराच्या चढउतारासोबत वर जातात आणि खाली येतात, कारण दाट हवेत पंख मारायला कमी ताकद लागते. प्रवासही मुख्यतः रात्री आणि पहाटे, हवा गार आणि दाट असते तेव्हा.

आपल्याला ही सोय नाही. लेहला (सुमारे 3,500 मीटर) विमानाने उतरणाऱ्या मंडळींनी पहिले दोन दिवस निव्वळ विश्रांती घ्यावी. नंतरही झोपायची उंची दिवसाला 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. डोकेदुखीसोबत तोल जाणं, बोलणं असंबद्ध होणं किंवा बसल्याजागी धाप लागणं दिसलं तर सकाळची वाट न बघता खाली उतरावं.

प्रश्न : यात्रेत वाळलेली ‘संजीवनी’ विकतात. पाण्यात टाकली की उघडते. ती खरंच जिवंत होते का? अंजनेरीच्या कातळावरचं वाळलेलं गवतही पहिल्या पावसात हिरवं होतं, ते याच जातीचं का?
— वाचक, त्र्यंबकेश्वर

उत्तर : उघडणं हा जिवंतपणाचा पुरावा नाही. वाळलेल्या फांदीच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजू पाणी पिऊन कमीजास्त फुगतात, म्हणून ती उलगडते. पूर्ण मेलेलं झुडूपही तसंच उलगडतं. खूण हिरवेपणाची. उघडल्यानंतर दोन-तीन दिवसांत पानं हिरवी झाली नाहीत, टोकाला नवी वाढ दिसली नाही, पाण्याला कुजका वास आला, तर ती मेलेली आहे. विकण्यासाठी अशी झाडं डोंगरावरून मुळासकट उपटली जातात, तेव्हा विकत घेऊ नका.

कातळावरच्या गवताची गोष्ट वेगळी आहे. ट्रायपोगॉन, ओरोपेटियम यांसारखी बुटकी गवतं पानं पूर्ण वाळवतात आणि पाऊस लागला की तीच पानं, नवी नव्हे, दिवसभरात पुन्हा हिरवी होतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सह्याद्रीतल्या अशा 62 वनस्पती नोंदवल्या, त्याआधी फक्त नऊ माहीत होत्या. ट्रेकला गेलात की मेलेलं समजून या गवतावर चूल पेटवू नका.

प्रश्न : उन्हाळ्यात बेडूक जातात कुठे? — इयत्ता सातवी, पेठ

उत्तर : मातीत. बिळकऱ्या बेडकाच्या मागच्या पायाला फावड्यासारखा कडक उंचवटा असतो, तो मागे-मागे सरकत स्वतःला पुरून घेतो. तिथे श्वास आणि नाडी मंदावते, मूत्राशयात साठवलेलं पाणी पुरवून पुरवून वापरलं जातं. पहिला जोराचा पाऊस मुरला की बाहेर.

प्रश्न : टार्डिग्रेड चंद्रावर पोचलेत, लोणारच्या खाऱ्या पाण्यात जीवाणू राहतात. मग मंगळावर असे जीव सोडले तर ते जगणार नाहीत का?
— निवृत्त अभियंता, इंदिरानगर

उत्तर : टिकतील काही काळ. जगणार नाहीत. आणि अडचण बहुतेकांना वाटते तशी किरणांची नाही.

क्युरिऑसिटी गाडीने मंगळाच्या पृष्ठभागावर मोजलेली मात्रा वर्षाला सुमारे 0.076 ग्रे भरते. वर सांगितलेले 4,000 ग्रे या हिशेबाने गाठायला 50,000 वर्षांहून जास्त लागतील. अतिनील किरण मात्र उघड्यावर भराभर मारतात, कारण तिथे ओझोनचा थर नाही. पण काही मिलिमीटर धुळीखाली गेलं की त्यांपासून आडोसा मिळतो. आपल्याच पृथ्वीभोवती हे दिसलं आहे. अंतराळ स्थानकाच्या बाहेर जपानी प्रयोगात ठेवलेल्या डायनोकॉकसच्या अर्धा मिलिमीटर जाड थरात वरचे जीवाणू मेले आणि त्यांच्या आडोशाला खालचे तीन वर्षं टिकले.

खरी अडचण पाण्याची. मंगळावर हवेचा दाब 6-7 मिलिबार, पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी. या दाबाला पाणी शून्याच्या जरा वर गेलं की उकळतं आणि खाली आलं की गोठतं, द्रव राहायला जागाच उरत नाही. सरासरी तापमान उणे 60 अंशांच्या आसपास. पृथ्वीवर उणे 15 अंशांच्या खाली विभागणारा जीवाणू क्वचितच. माती खारी आहे, त्यामुळे काही जागी पाणी उणे तापमानातही द्रव राहू शकेल. पण 2008 मध्ये फीनिक्स यानाला तिथल्या मातीत परक्लोरेटचे क्षार सापडले. इतक्या दाट क्षारातलं पाणी पेशीला घेता येत नाही, उलट ते पेशीतलंच पाणी ओढून घेतं.

लोणारचं उदाहरण इथे अर्धवटच लागू पडतं. 2020 च्या जूनमध्ये ते सरोवर गुलाबी झालं ते हॅलोआर्किया या क्षारप्रेमी सूक्ष्म जीवांमुळे. पेशीत पोटॅशियम भरून ते बाहेरच्या मिठाची बरोबरी साधतात. पण त्यांना भोवती भरपूर द्रव पाणी, ऊन आणि ऊब मिळते. लोणारचा बेसाल्ट मंगळाच्या खडकाशी जुळतो, म्हणून अभ्यासाला ती जागा मोलाची. राहणीमान मात्र जुळत नाही.

चंद्रावरचे टार्डिग्रेड एप्रिल 2019 मध्ये कोसळलेल्या इस्रायलच्या बेरेशीट यानात वाळलेल्या अवस्थेत होते. 2021 मध्ये गोठवलेले टार्डिग्रेड बंदुकीतून वाळूवर डागून पाहिले, तेव्हा सेकंदाला सुमारे 900 मीटर वेगापर्यंतचे काही वाचले. यान आपटताना धातूच्या सांगाड्यात बसलेला दाब या मर्यादेपलीकडचा असावा असं ते प्रयोग करणाऱ्यांचं मत. वाचले असले तरी ते कोरडे आहेत, त्यांचं काहीच चाललेलं नाही.

प्रश्न : शुभांशु शुक्ला यांनी 2025 मध्ये अंतराळ स्थानकात मूग आणि मेथी रुजवली. वर्गात मुलांना याच्याशी जोडून काय करून दाखवता येईल?
— शिक्षिका, पंचवटी

उत्तर : अंतराळात बी रुजवताना दोन गोष्टी आडव्या येतात. मुळाच्या टोकातल्या पेशींत पिष्टाचे जड कण असतात. ते ज्या बाजूला साचतात ती ‘खाली’, असं मूळ ओळखतं. तिथे ते साचतच नाहीत, म्हणून मुळं वाटेल तिकडे जातात. दुसरं, पाणी निथळत नाही. ते बियांभोवती चिकटून राहतं आणि बी गुदमरतं.

पहिली गोष्ट वर्गात तीन-चार दिवसांत दाखवता येते. काचेच्या सरळ बरणीत आतून टिश्यू पेपर गुंडाळा, मध्ये वर्तमानपत्राचा बोळा भरा. आठ तास भिजवलेले सहा मूग काच आणि कागद यांच्या मधे, तोंडापासून चार बोटं खाली अडकवा. तळाशी एक सेंटिमीटर पाणी ठेवा, कागद ते वर ओढून घेईल. बरणीला बाहेरून काळा कागद गुंडाळा, नाहीतर उजेडामुळेही वळण पडतं आणि मुलांना कारण वेगळं करता येत नाही. मुळं दोन-तीन सेंटिमीटर झाली की उरलेलं पाणी ओतून द्या, बरणी आडवी करा आणि काचेवर मार्करने प्रत्येक मुळाच्या टोकाशी खूण करा. काही तासांत टोकं खाली वळायला लागतात, दुसऱ्या दिवशी काटकोन स्पष्ट दिसतो. एक बरणी उभीच ठेवा, तुलनेला.

दुसरी गोष्ट तर आपोआप घडते. एका बरणीत मूग पूर्ण बुडतील इतकं पाणी ठेवा. दोन दिवसांत वास येईल, मुळं खुंटतील, बी बुळबुळीत होईल. बुडालेल्या बीला हवा मिळत नाही, अंतराळात पाण्याच्या गोळ्यात अडकलेल्या बीचंही तेच होतं. पहिल्या बरणीतही असा वास आला तर पाणी जास्त झालं आहे : ते ओता, कागद फक्त दमट राहील इतकंच ठेवा आणि सडलेला मूग लगेच काढून टाका, नाहीतर बुरशी शेजारच्या मुगांवर जाते.